राजाचा नाईट रिपोर्ट

गेल्या अंकात 'दे जांगगम' या कोरियन मालिकेचा मी जाता जाता उल्लेख केला आणि टपाल एकदम वाढलं. सोळाव्या शतकातल्या राजवाड्यात स्वयंपाकघरात वाढलेली जांगगम नावाची एक मुलगी पुढे राजाची वैद्य होते, एवढीच गोष्ट. कोरियात २००३-०४ मध्ये आली, आपल्या दूरदर्शनवर २००६ साली 'घर का चिराग' नावाने हिंदीत लागली होती, तेव्हा कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. आता घरोघरी मुली आयांना ती लावून देतायत. या वेळी गुडघेदुखी आणि सासू-सुना बाजूला ठेवून फक्त हीच पत्रं घेते.

मुलीच्या आग्रहाने बघायला बसले, पण सगळे चेहरे सारखे वाटतात, नावं तर तोंडात बसतच नाहीत. ५४ भाग आहेत म्हणे. सोडून देऊ का? — एक गृहिणी, नाशिक

सोडू नका, पण नावांच्या मागेही लागू नका. हुद्दे ओळखा. नर्सच्या नोकरीत नव्या वॉर्डात बदली झाली की आम्ही हेच करायचो. इंचार्ज कोण, स्टाफ कोण, विद्यार्थिनी कोण, हे आधी बघायचं. नावं आपोआप कळतात.

तेव्हा कोरियावर राज्य करणाऱ्या जोसन घराण्याच्या राजवाड्यात मुली अगदी लहानपणी कामाला यायच्या. साधारण पंधरा वर्षं उमेदवारी केली की 'नाइन', आणखी तितकीच वर्षं गेली की 'सांगगुंग', म्हणजे खात्याची जाणती बाई. स्वयंपाकघर, शिवण, भरतकाम, धुणं, सगळ्यांची खाती वेगळी. सांगगुंग हा पाचव्या श्रेणीचा हुद्दा. त्याच्या वरची पायरी नोकरी करून चढता येत नसे, त्याला राजाची मर्जी लागे. वाड्यातल्या सगळ्या बायका राजाच्या मानल्या जात, त्यामुळे लग्न नाही, बाहेर पडल्यावरसुद्धा नाही. आणि वाड्यात मरायची मुभा फक्त राजघराण्याला. नोकर बाई खूप आजारी पडली की तिला बाहेर हलवायचे. मालिकेत एखादी म्हातारी सांगगुंग खोकला दाबून उभी असते तेव्हा हे आठवा, म्हणजे ती का दाबतेय ते कळेल.

पहिला भाग जड जातो, मान्य. तो सुरू होतो १४८२ मध्ये, पदच्युत राणीला राजाज्ञेने विष पाजतात त्या प्रसंगाने. ते खरंच घडलेलं आहे. त्या कामगिरीवर असलेला एक शिपाई म्हणजे आपल्या नायिकेचा बाप. मुलगी वाड्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकेपर्यंत तग धरा. मग तुम्हीच कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसराल.

मी इतिहास शिकवायचो. त्या काळात एक बाई राजाची वैद्य असणं मला पटत नाही. ही निव्वळ कल्पना ना? — एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, बाई खरी आहे. बाकी बरंचसं रचलेलं आहे.

जोसन राजांच्या कारकिर्दीची बखर नव्हे, रोजच्या नोंदींवरून लिहिलेला इतिहास असे, 'सिल्लोक'. १३९२ पासून जवळपास पावणेपाचशे वर्षांचा. नोंदी करणाऱ्याचं लिखाण खुद्द राजालाही बघायची परवानगी नव्हती. १४०४ मध्ये तेजोंग नावाचा राजा शिकारीत घोड्यावरून पडला. लागलं नाही, पण उठून इकडेतिकडे बघत म्हणाला, नोंद करणाऱ्याला हे कळू देऊ नका. हेही लिहून ठेवलंय! 'सिस्टर, हे बुकात नको' असं वरून ज्यांना ऐकावं लागलंय त्यांना या कारकुनाचं किती कौतुक वाटेल ते मी सांगायला नको.

तर या सिल्लोकमध्ये जुंगजोंग राजाच्या काळात (१५०६ ते १५४४) जांगगम नावाच्या वैद्यबाईचे मोजके उल्लेख येतात. स्वयंपाकाचं त्यात अवाक्षर नाही. ते सगळं मालिकावाल्यांचं.

१५१५ मध्ये राणी जांगग्योंगला मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत ती गेली. दरबारी मंडळी लगेच उठली, वैद्यांना शिक्षा करा, जांगगमलाही करा. राजाने काय म्हणावं? बाळंतपण तिने नीट पार पाडलं, खरं तर मोठं बक्षीस द्यायचं होतं. आता दुःखाच्या प्रसंगी ते देता येत नाही, पण म्हणून फटकेही मारता येणार नाहीत. फटक्यांऐवजी दंडावर भागवलं. माता दगावली की पहिला मेमो कोणाच्या हातात पडतो ते मी जवळून पाहिलंय. त्या हिशेबात पाचशे वर्षांपूर्वीचा हा राजा बरा म्हणायचा.

पण माझी सगळ्यात आवडती नोंद १५४४ ची. राजा आजारी, पोट साफ होत नाही, मंत्री दाराबाहेर ताटकळलेले. राजाने सांगितलं, माझं काय दुखतंय ते वैद्यबाईला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी जांगगम बाहेर येते आणि सांगते: रात्री काढा दोन वेळा दिला, मध्यरात्रीच्या सुमारास झोप लागली, लघवी थोडी झाली, शौचाला अजून नाही, म्हणून सकाळी मधाची सपोझिटरी (शौचाच्या जागेतून आत ठेवायची वडी) वापरली. अहो सर, हा नाईट रिपोर्ट आहे! डोस, झोप, लघवी, शौच, सकाळी काय केलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी वाचलं आणि मला वाटलं, ही पोरगी माझ्या वॉर्डात असती तर ड्युटी बदलताना ओव्हर घेताना मी डोळे मिटून सही केली असती. तीन दिवसांनी ती पुन्हा बाहेर येऊन सांगते की मोकळं झालं, महाराजांना फार बरं वाटतंय. पुढच्या महिन्यात राजा गेला, ते वेगळं.

मालिकेतले कट, विष, चोई घराण्याची कारस्थानं मला त्या मानाने कंटाळवाणी वाटतात. ती आपल्याकडच्या कुठल्याही मालिकेत आठ वाजता मिळतात.

राजाच्या ताटात खरंच इतके पदार्थ असत? आणि सगळं स्वयंपाकघर बायकांच्या हातात? — एक खाणावळवाल्या काकू, सोलापूर

काकू, राजाच्या जेवणाला बारा पदार्थांचं ताट म्हणतात, आणि भात, रस्सा, किमची (आंबवलेली भाजी), सॉस त्या बारात धरत नाहीत. राजाच्या आधी चव घेऊन बघणारी सांगगुंग असे. चांदीचे चमचे आणि चॉपस्टिक वापरायचे, विष असलं तर चांदी काळी पडेल या भरवशावर. (सगळ्याच विषांनी पडत नाही. पण भरवसा मोठा.)

बायकांचं म्हणाल तर इथे मालिकेने सूट घेतलीय. वाड्यात पुरुष स्वयंपाकी भरपूर होते, मोठ्या मेजवान्यांची मदार त्यांच्यावरच. पडद्यावर ते जवळपास गायब आहेत, आणि खरं सांगू, मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्ही मात्र पर्सिमनचा प्रसंग चुकवू नका. आपल्या बाजारात हल्ली हे फळ 'जपानी फळ' म्हणून दिसतं, टोमॅटोसारखं, पिकलं की आतून जेलीसारखं. नव्या प्रमुख सांगगुंगबाई सगळ्यांना मांसाचा एक पदार्थ चाखायला देतात आणि विचारतात, गोडी कशाची? मोठ्या-मोठ्यांना सांगता येत नाही. छोटी जांगगम म्हणते, पिकल्या पर्सिमनची. कशावरून? तर ती बिचारी गोंधळते. पर्सिमनची चव लागली म्हणून पर्सिमन म्हटलं, आणखी कशावरून सांगायचं? बाई खूश होतात आणि म्हणतात, जीभ उपजत असावी लागते, 'कशावरून' विचारणारी मीच वेडी. त्या पोरीचा तो चेहरा बघा. अभिनय नाहीच तो.

जांगगमच्या गुरू हान सांगगुंगचं शेवटी काय होतं? आधीच सांगा, मला रडायचं नाही. — पुणे

सांगणार नाही. रुमाल घेऊन बसा.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मालिकेत वैद्य मुलींना इतकं तुच्छ का वागवतात? त्या तर शिकलेल्या असतात. — एक विद्यार्थिनी, लातूर

बाळ, कारण त्या गुलाम होत्या. १४०६ मध्ये ही पद्धत सुरू झाली. बायका पुरुष वैद्याला अंग दाखवायच्या नाहीत, दुखणं लपवून मरायच्या. मग सरकारी कचेऱ्यांतल्या दासींच्या मुली निवडल्या, त्यांना नाडी बघणं आणि सुया टोचून उपचार करणं शिकवलं. खानदानी घरातली मुलगी परक्या बाईच्या अंगाला हात लावायला थोडीच येणार? काम अत्यावश्यक, करणारी हलकी, हा प्रकार तुला अनोळखी वाटू नये. त्यात योनसान नावाच्या राजाच्या काळात या शिकलेल्या मुलींना मेजवान्यांत नटूनथटून बसवायला लागले. आजार बघायचा त्यांनीच आणि पाहुण्यांची करमणूकही त्यांनीच. त्या काळाचा मला अजून राग येतो.

त्याच जांगगमला १५२४ मध्ये, बाकीच्यांपेक्षा हिचं कसब चांगलं म्हणून, राजवाड्यात कायम ठेवून पूर्ण तनखा द्यायचा हुकूम निघाला. नंतर राजा बरा झाल्यावर तांदूळ आणि कडधान्यही मिळालं. परीक्षेला शुभेच्छा. चार्ट भरताना अक्षर नीट काढ.

मुलगा सोलला नोकरीला आहे, मे महिन्यात जाणार आहोत. मालिकेतलं काही बघायला मिळेल का? — एक आजी-आजोबा, ठाणे

ग्योंगबोकगुंग राजवाडा बघा. जुना १५९२ मध्ये जळला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभारला, आणि त्यातलं सोजुबांग, म्हणजे राजाचं स्वयंपाकघर, २०१५ मध्ये परत बांधून खुलं केलंय. आवारात चालणं खूप आहे, आजींना आरामाचे बूट घ्या. कोरियन पारंपरिक पोशाख, हानबोक, घालून गेलात तर तिकीट लागत नाही; जवळपासच्या दुकानांत तो भाड्याने मिळतो. आजोबांनाही घालायला लावा. मंगळवारी मात्र जाऊ नका, बंद असतो.