पप्पांची सही

"मॅडम, तुम्ही फक्त हिला एवढं समजावून सांगा की टॅटू काढायचा नाही, बाकी आमचं काही म्हणणं नाही." एप्रिलच्या शेवटी एक ताई लेकीला घेऊन आल्या आणि खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे बोलून मोकळ्या झाल्या. लेक खिडकीकडे बघत होती. मी समुपदेशन करते आणि हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, कधी आई येते, कधी बाप, कधी टॅटू काढून झाल्यावर रडवेला झालेला मुलगा एकटाच येतो, म्हणून ही केस दोघींना विचारून लिहितेय. नावं लिहीत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

लेक २२ वर्षांची, बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास चालू. वडील एसटीत कंडक्टर. फेब्रुवारीत त्यांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून मिरजेला नेलं, अँजिओप्लास्टी करायचं ठरलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. ५१ वर्षांचे होते. घरात आता आई, लेक आणि आजी, म्हणजे वडिलांची आई.

मी अशा वेळी दोघींना आधी वेगवेगळं बसवते, एकत्र बसवलं की एकमेकींना उत्तरं देण्यातच वेळ जातो.

लेकीने सांगितलं की तिला मनगटावर पप्पांची सही गोंदवून घ्यायचीये. मी म्हटलं का गं, सहीच का, फोटो आहेत, घड्याळ असेल त्यांचं. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मॅडम, पप्पांचा आवाज आठवेनासा झालाय. परवा मी फोनमधे सगळीकडे शोधलं, एक पण व्हॉइस मेसेज नाहीये, ते कधी पाठवायचेच नाहीत, सरळ फोन करायचे. आवाज गेला तसं सगळंच जाईल ना हळूहळू." म्हणजे पोरीला टॅटूची हौस नव्हती, तिला विसरायची भीती वाटत होती. टॅटू म्हणजे फॅशन, टॅटू म्हणजे मित्रमैत्रिणींचं बघून, असं आपण पटकन धरून चालतो आणि मग त्याच्यावरच वाद घालत बसतो, आणि पोरगं मात्र वेगळंच काहीतरी सांगत असतं.

ताईंची कारणं मोठी होती. लग्न कसं जमणार, लोक काय म्हणतील, नोकरीत अडवतील, एड्स होतो म्हणतात, वर्ष पण झालं नाही घरात आणि हे काय. यातलं प्रत्येक कारण मी गंभीरपणे घेते, कारण सगळीच काही खोटी नसतात. नोकरीचंच बघा. सैन्यात कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो, आदिवासी समाजाच्या मुलांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सूट असते. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांत तर डावाच हात, कारण सॅल्यूट उजव्या हाताने करायचा, आणि आकार पण त्या भागाच्या पावपटीपेक्षा कमी पाहिजे. माझ्याकडे एक मुलगा आला होता, भरतीसाठी तीन वर्षं पहाटे उठून पळत होता आणि जत्रेतून परत येताना दंडावर वाघाचं तोंड काढून घेतलं, नियम त्याला नंतर कळले. त्याचं ते गप्प बसणं मी विसरले नाही. म्हणून ज्या नोकरीची तयारी चालू आहे तिची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि मगच सुईसमोर हात धरायचा, हे मी प्रत्येकाला सांगते.

पण ताईंचं एवढं सगळं ऐकताना मला वाटत होतं की खरी गोष्ट अजून बाहेर आलेली नाही. मी सहज विचारलं, "ताई, कुठली सही काढायची म्हणते ती, बघितलीत का तुम्ही?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "ती दवाखान्यातली."

झालं होतं असं की मेडिक्लेमसाठी लेकीने दवाखान्याच्या सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवले होते, आणि फोनमधे पप्पांची जी सही होती ती ऑपरेशनच्या संमतीपत्रावरची, पडल्या पडल्या केलेली, शेवटचं अक्षर खाली घसरत गेलेलं. तो कागद ताईंनी हातात धरला होता, पेन पण त्यांनीच दिलं होतं. लेकीला ती पप्पांची शेवटची सही म्हणून जवळची वाटत होती आणि आईला ती रोज सकाळी चहा देणाऱ्या हातावर बघावी लागणार होती. दोन महिने घरात भांडण चाललं होतं आणि ही एक गोष्ट त्या बोलल्याच नव्हत्या, लग्न आणि लोक हेच पुढे करत होत्या, कारण ते बोलायला सोपं असतं.

दुसऱ्या बैठकीत मी दोघींना समोरासमोर बसवलं आणि ताईंना म्हटलं, मला जे सांगितलं ते तिला सांगा. लेकीने आईकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं मग हे आधी का नाही सांगितलंस?" त्यानंतर दोघी खूप रडल्या, मी मधे बोलले नाही.

आता माझं मत सांगते. कुणी जवळचं गेल्यावर किंवा प्रेम तुटल्यावर पहिले सहा महिने तरी अंगावर कायमचं काही लिहू नये. त्या दिवसांत आपण जे असतो ते आपण पुढे राहत नाही. आणि प्रेमात असताना नाव गोंदवून घेतलेल्यांचा पश्चात्ताप तर मी सगळ्यात जास्त बघितलाय, एकीने नवऱ्यासमोर बाही कधी वर केली नव्हती. लेझरने निघतं हो, पण ते रबरने खोडण्यासारखं नाही, सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच वेळा जावं लागतं, वर्ष पण लागतं, गोंदवायला लागलेल्या पैशांपेक्षा घालवायला कितीतरी जास्त लागतात, काळा रंग त्यातल्या त्यात बरा जातो, हिरवा पिवळा चिवट, आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट किंवा काळपट डाग राहू शकतो, त्यामुळे ते त्वचारोगतज्ज्ञाकडेच करायचं.

लेकीला मी नाही म्हटलं नाही, थांब म्हटलं, आणि थांबताना करायला एक काम दिलं. रोज सकाळी साध्या बॉलपेनने मनगटावर सही काढायची आणि रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या, दिवसभरात ती बघून काय वाटलं. जूनमधे ती एकदा घाबरून आली, चार दिवस सही काढायची राहूनच गेली होती. "म्हणजे मी विसरायला लागले का?" मी म्हटलं त्या चार दिवसांत पप्पा आठवले का? तर म्हणाली हो, भाजीवाल्याशी भाव करताना मी अगदी त्यांच्यासारखं बोलले, आई हसली. मग मी म्हटलं बघ, आता तू टॅटू काढलास तरी चालेल आणि नाही काढलास तरी चालेल. त्या दिवसापासून तिचा हट्ट सुटला, इच्छा मात्र राहिली, आणि माझ्या दृष्टीने एवढा फरक पडला की पुरे.

सही बदलली. गणपतीच्या आधी घर आवरताना ट्रंकेतून लेकीचं चौथीचं प्रगतिपुस्तक निघालं, पालकांची सही या रकान्यात तीन चाचण्यांच्या तीन सह्या, देवनागरीत, ठसठशीत, आडनावाच्या शेवटी एक गोल फाटा मारलेला. ताईंनीच बोट ठेवलं, मधली घे म्हणाल्या, त्या चाचणीत तुला गणितात कमी पडले होते आणि पप्पांनी सही करून वर पेढा दिला होता. आजीने स्वतःच्या हातावरचं तुळशीवृंदावन पुढे केलं, हिरवट पडलेलं, कडा पसरलेल्या, आणि म्हणाली की दागिने उतरवून घेतात गं, गोंदण तेवढं संगती येतं. जुन्या बायकांची ती श्रद्धाच आहे. त्यानंतर घरात विरोध उरला नाही.

मग आम्ही तयारीचं बोललो. जत्रेत टेबल टाकून बसलेल्याकडे जायचं नाही, एकच सुई दहा जणांना लागते आणि रक्तातून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही जाऊ शकतो, ताईंची एड्सची भीती त्या ठिकाणी खरीच आहे. स्टुडिओत सीलबंद सुई आपल्यासमोर फोडायला सांगायची, शाई नवीन छोट्या टोपणात काढून घेतली पाहिजे, हातात नवे ग्लोव्ह्ज, आणि हे विचारल्यावर जो चिडतो तिथून सरळ उठून यायचं. हिपॅटायटिस बीची लस असते, तीन डोस, पहिला घेतल्यावर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, सी ची लस नाही. तिने मेमधेच लस सुरू केली होती. शुगर असेल, जखम भरल्यावर कातडी जाड फुगून येत असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारायचं, गरोदरपणात पुढे ढकलायचं, आणि जाताना नीट जेवून जायचं.

आणि देवनागरीचं एक, जे कुणी सांगत नाही. शाई वर्षानुवर्षं कातडीत थोडी थोडी पसरते, आजीच्या तुळशीसारखी, त्यामुळे बारीक अक्षरं काढली की ळ ची आणि क ची पोटं बुजून जातात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. सही मूळ आकारापेक्षा मोठी करून घेतली. शिवाय काढणाऱ्याला मराठी वाचता येईलच असं नाही, तो चित्र म्हणून काढतो, म्हणून कातडीवर उमटवलेला छाप आरशात न बघता सरळ बघून घरच्या दुसऱ्या कुणीतरी वाचायचा, वेलांटी, काना, रफार सगळं. ते वाचायला ताई गेल्या होत्या. मनगटाच्या अगदी घडीवर शाई लवकर उडते, म्हणून दोन बोटं वर, डाव्या हाताला. दसरा झाल्यावर काढला.

सहाव्या दिवशी सकाळी पावणेसातला तिचा फोन, हुंदके देत. "मॅडम, पप्पांची सही निघून चाललीये." आंघोळीनंतर हात पुसताना टॉवेलवर काळ्या पापुद्र्याचे तुकडे आले होते, त्यातल्या एकावर गोल फाट्याचा अर्धा भाग तिला ओळखू आला होता. तो तुकडा तिने कागदात बांधून ठेवला होता.

ही चूक माझी. मी सुईचं सांगितलं, रोगांचं सांगितलं, आणि ज्या मुलीला हरवायचीच भीती आहे तिला हे सांगायचं राहिलं की खपली पडते. मी तिला फोनवरच समजावलं, शाई कातडीच्या दुसऱ्या थरात जाते, वरचा थर जखम भरताना गळून पडतो आणि त्याच्यासोबत वर राहिलेली थोडी शाई जाते, खालची जाग्यावर असते. दोन-तीन आठवडे ती धुरकट दिसेल, मग उजळेल. खाज सुटली तरी नखाने काढायचं नाही, हलकं थोपटायचं. म्हटलं, आता हात खिडकीपाशी धर आणि बघ. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "आहे."

बाकी काळजी ती नीट घेत होती. सौम्य साबण, साधं पाणी, टिपून कोरडं, डॉक्टरने सांगितलेल्या मलमाचा पातळ हात, जाड थापायचं नाही. हळद लावायची नाही, आजीने वाटी आणली होती ती ताईंनीच परत पाठवली. त्या हातात बांगड्या, घड्याळ, केसांचं रबर काही नाही, नदीत-तलावात पोहणं नाही, ऑक्टोबरचं ऊन नाही. पहिले दोन-तीन दिवस लाल होणं, गरम लागणं, पाण्यासारखं येणं हे चालतं, पण लाली पसरायला लागली, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, घरगुती काही करत बसायचं नाही.

फेब्रुवारीत वर्षश्राद्धाला पप्पांच्या डेपोतल्या लोकांनी रक्तदान शिबिर ठेवलं. लेकीने पहिलं नाव स्वतःचं दिलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मनगट बघितलं, कधी काढला विचारलं आणि नाही म्हणाले, टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत. हे मी तिला आधी सांगितलं होतं, ती विसरली होती, रडकुंडीला आली. मागे उभ्या असलेल्या ताईंनी पिशवी तिच्या हातात दिली आणि त्याच खुर्चीत बसल्या. ४७ वर्षांत कधी रक्त दिलं नव्हतं, सुईची भीती. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, त्यांचं १२.८ भरलं. रक्त देताना त्यांनी दुसऱ्या हाताने लेकीचं मनगट धरून ठेवलं होतं, असं लेकीने मला नंतर फोनवर सांगितलं.