जुन्या हार्ड डिस्कवरील विंडोज नव्या एसएसडीवर कशी न्यावी?

१ टीबीच्या हार्ड डिस्कवरील विंडोज ५०० जीबीच्या एसएसडीवर नव्याने इन्स्टॉल न करता नेता येईल का, असे आपण विचारले आहे. होय, नेता येते. मात्र वापरलेली जागा नव्या ड्राइव्हवर मावणारी हवी, आणि डिस्कची हुबेहूब प्रत करणारे क्लोनझिलासारखे मोफत साधन वापरणार असाल तर जुन्या डिस्कवरील विभाग (पार्टिशन) आधी लहान करून घ्यावे लागतात, कारण हे साधन मूळ डिस्कपेक्षा लहान ड्राइव्ह सहसा स्वीकारत नाही.

सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत काढा आणि बिटलॉकर (डिस्कवरील डेटा कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ही की हाताशी नसेल तर स्वतःचाच डेटा कायमचा बंद होऊ शकतो, म्हणून याबाबत मी आग्रही आहे. एसएसडी यूएसबी केबलने जोडून केवळ सी ड्राइव्हची नव्हे, तर संपूर्ण डिस्कची प्रत करा, कारण लॅपटॉप सुरू करणारा शंभरेक एमबीचा ईएफआय विभाग एक्सप्लोररमध्ये दिसतच नाही.

त्यानंतर लॅपटॉप बंद करून, बॅटरीची जोडणी काढून डिस्क बदला. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका आणि निदान आठवडाभर ती पुसूही नका.