देशातली शेतजमीन खरंच घटते आहे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की १९७० पासून आजवर देशाचं निव्वळ पेरणी क्षेत्र १४ कोटी हेक्टरांच्या आसपासच आहे. त्यावर बरेच प्रश्न आले. काहींनी तर ‘हे शक्यच नाही’ असंच कळवलं. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतो.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. भारताची शेतजमीन एका पुस्तकात १४ कोटी हेक्टर, दुसऱ्यात साडेपंधरा कोटी, तर तिसऱ्यात १८ कोटी दिली आहे. खरी कोणती? (विद्यार्थी, सोलापूर)

तिन्ही खऱ्या आहेत, फक्त मोजलेली वस्तू वेगळी आहे. १४ कोटी म्हणजे निव्वळ पेरणी क्षेत्र. त्या वर्षी प्रत्यक्ष पीक किंवा फळबाग असलेली जमीन त्यात येते, आणि दोन पिकं घेतली तरी ती एकदाच मोजतात. त्यात पड जमीन, किरकोळ झाडझाडोऱ्याखालची जमीन आणि लागवडीलायक असून वहितीत नसलेली जमीन धरली की आकडा १८ कोटींवर जातो. साडेपंधरा कोटींचा आकडा जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येतून येतो. ही संघटना हंगामी पिकांची जमीन आणि पाच वर्षांपेक्षा कमी काळ पड असलेली जमीन मोजते. फळबागा मात्र बहुवर्षायू पिकांच्या वेगळ्या रकान्यात टाकते.

याचा परिणाम सांगोल्यात पाहा. ज्वारीचं रान मोडून एखाद्याने डाळिंब लावलं, तर तो शेतीतून बाहेर पडलेला नसतो आणि आपल्या निव्वळ पेरणीतही काही फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय तक्त्यात मात्र तेवढी ‘शेतजमीन’ घटलेली दिसते. मलेशियात पामच्या बागा अफाट आहेत, म्हणून त्या तक्त्यात त्या देशाची शेतजमीन अगदी थोडी भरते. दोन देशांची तुलना करण्याआधी हे तपासा. परीक्षेत उत्तर लिहिताना आकड्यासोबत व्याख्याही लिहा.

आमच्या डोळ्यांदेखत रानं जाऊन प्लॉट पडले. तरी तुम्ही म्हणता क्षेत्र तेवढंच आहे. हे कसं? (वाचक, जुळे सोलापूर)

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे आणि मी लिहिलं तेही खरं आहे. हाच मुद्दा मला सगळ्यांत जास्त टोचतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९५०-५१ मध्ये देशात ११ कोटी ८७ लाख हेक्टरांवर पेरणी होत होती. पुढच्या वीस वर्षांत माळ फुटले, पड जमिनी वहितीत आल्या आणि हा आकडा १४ कोटींवर पोहोचला. तिथेच तो थांबला. १९५०-५१ पासून आजवर घरं, रस्ते, कारखाने, कालवे, जलाशय अशा बिगरशेती वापराखालची जमीन ९३ लाख हेक्टरांवरून २ कोटी ७० लाखांच्या आसपास गेली. म्हणजे एका दाराने जमीन बाहेर जात राहिली आणि दुसऱ्या दाराने आत येत राहिली. बेरीज तीच राहिली, पण गेलेली जमीन आणि आलेली जमीन सारखी नव्हती.

गावं वसली ती पाण्याजवळ, काळ्या मातीजवळ. शहर वाढलं की सगळ्यांत आधी तीच माती जाते. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे ही गावं सोलापूर शहरात आली. त्या शिवारांतली रानं आता पाया खोदतानाच दिसतात. उजनीने हजारो शेतांना पाणी दिलं, पण भीमाकाठची कसदार मळीची जमीनही त्याच धरणाच्या जलाशयाखाली गेली. बदल्यात वहितीत आलेली जमीन बहुधा उताराची आणि मुरमाड असते.

आपल्याकडे हा फरक जिवावरचा आहे. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाऊस सरत आल्यावर पेरतात आणि ती पुढे मातीत मुरलेल्या ओलीवरच पोसते. तीन-चार फूट खोल काळी माती ती ओल थंडी संपेपर्यंत धरून ठेवते. वीतभर माती असलेल्या रानात तीच ज्वारी कणसात यायच्या आधीच माना टाकते. कागदावर मात्र दोन्ही एकेक हेक्टरच.

मग एवढी लोकसंख्या जगली कशी? एकाच जमिनीतून जास्त हंगाम काढून. पुन्हा पुन्हा पेरलेलं क्षेत्र धरलं तर १९५०-५१ मधले १३ कोटी २० लाख हेक्टर आज २१ कोटींच्या पुढे गेले आहेत. त्यामागे सिंचन आहे. दरडोई पाहिलं तर १९६१ मध्ये माणशी सुमारे ३४ गुंठे शेतजमीन होती, आता जेमतेम ११ गुंठे उरली आहे.

चीनने शेतजमीन १२ कोटी हेक्टरांखाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलं आहे. तिथे शेतजमीन बांधकामाला घेतली तर तेवढीच दुसरीकडे तयार करावी लागते. तरी २००९ ते २०१९ या दहा वर्षांत त्यांची शेतजमीन साडेतेरा कोटींवरून १२ कोटी ८० लाखांवर आली, आणि भरपाई म्हणून तयार झालेली जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी निघाली. म्हणून माझं म्हणणं आहे की बिगरशेती परवानगी देताना पहिला प्रश्न मातीच्या खोलीचा विचारला गेला पाहिजे. मुरमावर घर उभं राहतं, ज्वारी येत नाही.

मजूर मिळेना म्हणून तीन वर्षं रान पड आहे. ते शेतजमिनीतून वजा झालं का? (शेतकरी, मंगळवेढा)

नाही. एक वर्ष पड राहिली तर ‘चालू पड’, एक ते पाच वर्षं राहिली तर ‘इतर पड’, आणि त्यापुढे गेली की ती लागवडीलायक पडीक जमिनीत धरतात. तुमचं रान मधल्या गटात आहे. ई-पीक पाहणीत ते पड म्हणूनच नोंदवा, पीक दाखवू नका. देशाचे आकडे शेवटी गावच्या नोंदींतूनच तयार होतात. आणि एवढ्यात निदान वेड्या बाभळी तरी काढून घ्या. मुळं खोल गेली की रान पुन्हा वहितीत आणायला फार खर्च येतो.

देशातली जमीन तेवढीच असेल तर आमच्या वाट्याला दोन एकरच का? (शिक्षक, बार्शी)

वाटण्यांमुळे. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी वहिती खातं १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झालं. सगळ्या देशाचं म्हणाल तर २.२८ वरून १.०८. जमीन तीच राहिली, खाती वाढली. प्रत्येक वाटणीबरोबर नवा बांध आणि नवी वाट येते, आणि त्यातही थोडी थोडी माती अडकून पडते.

कालव्याच्या पाण्यावर वीस वर्षं ऊस घेतला. आता रानावर पांढरा थर येतो, उगवण होत नाही. जिप्सम टाकू का? (शेतकरी, माढा)

आधी माती तपासा, जिप्समचं नंतर बघू. क्षारपड आणि चोपण हे दोन वेगळे आजार आहेत. क्षारपड जमिनीत विद्राव्य क्षार साचलेले असतात. तिथे निचरा करून क्षार पाण्याबरोबर धुऊन काढावे लागतात, जिप्समचा उपयोग नाही. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो. ती ओली असताना साबणासारखी बुळबुळीत लागते आणि वाळली की दगड होते. जिप्सम तिच्यासाठी. तेसुद्धा निचरा नसेल तर वाया जातं, कारण सुटलेला सोडियम बाहेर जायला वाट हवी.

म्हणून दोन्हींत पहिलं काम चराचं. खालच्या अंगाला उघडा चर काढा किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप घाला, आणि त्याचं पाणी नाल्यापर्यंत न्या. मधल्या शेजाऱ्याला विश्वासात घ्या. एकट्याच्या चराचं पाणी बहुधा त्याच्याच रानात तुंबतं. निचरा सुरू झाल्यावर धैंचा हे हिरवळीचं खत पेरून गाडा आणि पाटाचं पाणी बंद करून ठिबकवर या. भूजल जिथे मुळांपर्यंत चढतं तिथे दर पाटपाण्याबरोबर क्षार वर येतात.

देशात अशी क्षारग्रस्त जमीन ६७ लाख हेक्टर आहे. तुमच्यासारख्या रानात कसंबसं का होईना पीक उभं असतं, तोवर ते निव्वळ पेरणीतच मोजलं जातं. जेमतेम पिकणारं रान आणि भरघोस पिकणारं रान त्या आकड्यात शेजारी शेजारी बसलेलं असतं. तुमच्या रानाला अजून उपाय आहे, आणि येत्या उन्हाळ्यात रान मोकळं असताना चर काढून घेतला तर पहिल्याच पावसाळ्यात धुलाईला सुरुवात होईल. मातीचे नमुने काढताना पांढरा थर दिसतो तिथला आणि दिसत नाही तिथला, असे दोन वेगळे काढा, आणि प्रत्येक ठिकाणी एक फूट, दोन फूट, तीन फूट अशा खोलीचे वेगवेगळे पुडे करा.