बारीक रेषाकाम करणारे आजचे चित्रकार जळगावात राहून कसे शोधायचे?

सुरुवात मोबाइलवरून नको, वाचनालयातून करा. आपल्या खान्देशात तालुक्याच्या गावीही जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे मिळतात. कथेशेजारचं चित्र आवडलं की अनुक्रमणिकेजवळ ‘मुखपृष्ठ’, ‘सजावट’ किंवा ‘रेखाटने’ यापुढे छापलेलं नाव वहीत टिपा आणि मग ते इन्स्टाग्रामवर शोधा. चंद्रमोहन कुलकर्णींचं काम मला असंच सापडलं. पुढे एका नावामागून दुसरं येत जातं, कारण चित्रकार एकमेकांची कामं आवर्जून शेअर करतात.

अगदी बारीक काम बघायचं असेल तर जपानचे मनाबू इकेडा. टाक आणि शाई वापरून केलेलं त्यांचं ‘रिबर्थ’ हे चित्र सुमारे ४ मीटर बाय ३ मीटर आहे. २०११ च्या त्सुनामीवरून सुचलेलं, आणि २०१३ ते २०१६ अशी तीन वर्षं खपून पूर्ण केलेलं. लांबून लाटांमधून उभं राहिलेलं एक झाड दिसतं. जवळ जा, त्यात माणसं, जनावरं, मोडतोडीचा ढिगारा. मधे उजवा खांदा निखळला, तर हा माणूस डाव्या हाताने काढत राहिला!

एक कराच: आवडलेल्या चित्राचा दोन इंचांचा तुकडा स्क्रीनवर मोठा करून ०.१ मिमी टोकाच्या पेनाने उतरवा. रेषा कुठे दाट होते, कुठे नुसते ठिपके उरतात, हे हातालाच कळतं. अजिंठा तर तुमच्या शेजारीच आहे. पहिल्या लेणीतल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाची भुवई निवांत बघून या.