लॅपटॉप घेतल्यावरची चुटपुट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीत करसल्लागार म्हणून तुमचं काम, बजेट लाखाच्या आत. महिनाभर लेनोव्होचा थिंकपॅड ई१४ की ॲपलचा मॅकबुक एअर एम४ यात घालवला आणि शेवटी ७२ हजारांना ई१४ घेतला. मग भाच्याकडे एअर पाहिला. काल तोच ई१४ सहा हजारांनी उतरला. दुकानदार म्हणतोय, दहा दिवसांच्या आत आणलात तर दोन हजार कापून एअर देतो, वरचे पैसे भरा. आज सातवा दिवस, आणि बदलू की ठेवू या विचाराने तुम्हाला झोप लागत नाही.

ठेवा तो लॅपटॉप. मात्र तो एअरपेक्षा सरस आहे अशी समजूत मी घालणार नाही, कारण बऱ्याच बाबतींत तो सरस नाही. एअरचा पडदा ५०० निट्सचा (निट्स हे उजेडाचं माप) आणि रंगांना खरा आहे. ई१४ च्या साध्या पडद्यावर उजेड ३०० निट्सच्या आसपास असतो, आणि '४५ टक्के एनटीएससी', म्हणजे रंगांचा आवाका कमी, असं लिहिलेल्या पडद्यावर लाल रंग विटकरीकडे झुकतो. एअरमध्ये पंखाच नाही, वजन १.२४ किलो, ट्रॅकपॅड आणि स्पीकर यांना या किमतीत तोड नाही, बॅटरीही दिवसभर टिकते. भाच्याकडे जे आवडलं ते खरोखरच चांगलं आहे. तुमचे डोळे तुम्हाला फसवत नाहीयेत.

आता तुमच्या टेबलावर या. टॅली प्राइम विंडोजसाठीच आहे. मॅकवरच्या एक्सेलमध्ये मोठ्या याद्या एकमेकींना जोडणारं पॉवर पिव्हट नाही, आणि तुम्ही लिहिलंय की ताळेबंद जुळवायच्या तुमच्या फायली त्यावरच उभ्या आहेत. डिजिटल सहीचं टोकन नेहमीच्या रुंद यूएसबीचं. एअरला त्या आकाराचं एकही तोंड नाही, म्हणजे जोडणी कायम पर्समध्ये. पॅरलल्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून मॅकवर विंडोज चालवता येतं, भाचा तेच सांगेल, पण ते एआरएम चिपसाठीचं विंडोज असतं आणि तिथे प्रत्येक ड्रायव्हर चालेलच असं नाही. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला रात्री साडेदहा वाजता टोकन ओळखलं गेलं नाही, तर पडद्याच्या रंगांनी काहीच भागणार नाही. शिवाय २०२५ मध्ये ९९,९०० ला आलेल्या एअरमध्ये साठवण २५६ जीबीची. ५१२ हवी तर बाजारात आला तेव्हाच १,१९,९०० मोजावे लागत होते. ती नंतर वाढत नाही, रॅमही नाही. तुमच्या मशीनमध्ये ५१२ आहेच, आणि तुम्हीच लिहिल्याप्रमाणे रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे.

महिनाभर विचार करून तुम्ही हेच ठरवलं होतं. नवीन असं काहीच कळलेलं नाही. कळलंय ते इतकंच की एअर हातात घेतल्यावर छान वाटतो.

गेली वीसेक वर्षं लोक मला हा प्रश्न विचारतात, आणि मी दर वेळी एकच गोष्ट शोधतो: समोरच्याला अडचण आहे की चुटपुट? अडचण म्हणजे टोकन चालत नाही, कीबोर्डची कळ अडकते, स्क्रीन पाहून डोकं दुखतं, बॅटरी दोन तासांत संपते. तिला इलाज बदलून घेण्याचाच, आणि तिथे भीड ठेवू नये. चुटपुट म्हणजे 'तो घेतला असता तर'. ती बदलून घेतल्याने जात नाही, फक्त दुसऱ्या बाजूला तोंड करून बसते. एअर घरी आणलात तर पहिल्या तिमाहीच्या गर्दीत तीच चुटपुट टॅलीसाठी लागेल.

तुमच्याकडे मला अडचण दिसत नाही. दिसतोय तो एक उघडा दरवाजा, तीन दिवसांचा.

याबद्दल एक प्रयोग मला फार पटतो. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांनी छायाचित्रणाच्या वर्गात स्वतः काढलेल्या फोटोंपैकी दोन छापायचे, एक स्वतःकडे ठेवायचा, दुसरा देऊन टाकायचा. काहींना सांगितलं, निवड आता कायमची. बाकीच्यांना सांगितलं, काही दिवस आहेत, वाटलं तर बदला. बदलायची मुभा असलेल्यांना आपला फोटो कमी आवडला. निवड पक्की झालेल्यांना जास्त आवडला. आणि तरीही, आधी विचारलं तर लोक मुभाच मागतात. मुभा असली की मन रोज नव्याने तोलत बसतं. ती संपली की हातात आहे त्यातलं चांगलं शोधायला लागतं. तुमच्या दुकानदाराने दिलेली सवलत चांगुलपणाचीच आहे, पण तुमची झोप तिनेच उडवली आहे.

मी स्वतः २०१६ मध्ये यात सापडलो होतो. नाव घेत नाही, पण एका कंपनीचा साधा, जाडसर, मॅट पडद्याचा लॅपटॉप घेतला. त्यात काहीही खोट नव्हती. कार्यालयातल्या एकाकडे बारीक, चकचकीत पडद्याचा पाहिला आणि सहाव्या दिवशी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन वरचे अकरा हजार भरून तो आणला. त्याची रॅम चारच जीबी, बोर्डावर चिकटवलेली. ब्राउझरमध्ये आठ-दहा पानं उघडली की दोन वर्षांतच तो धापा टाकायला लागला, आणि मग बिजागरीजवळ पडदा उसवला. पहिला लॅपटॉप परत करताना मला कशाचा त्रास होत होता, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. याची मला आजही खंत वाटते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. भाच्याचा एअर तुम्ही त्याच्या सर्वात चांगल्या तासात पाहिलात: सगळं बसवून झालेलं, घरातला मंद उजेड, समोर फोटो आणि व्हिडिओ. तुमचा ई१४ तुम्ही त्याच्या सर्वात वाईट आठवड्यात पाहताय. पहिल्या काही दिवसांत विंडोज मागे अपडेट उतरवत असतं, फायलींची सूची बनवत असतं, वनड्राइव्ह सगळ्या फायली इंटरनेटवर चढवत असतं. पंखा फिरतो, बॅटरी उतरते, मशीन गरम लागतं. थोड्या दिवसांनी ते शांत होतं. 'बॅटरी फारशी टिकत नाही' हे तुमचं म्हणणं मी तोवर मोजणार नाही.

पण उरलेले तीन दिवस वाया घालवू नका. ते चुटपुटीसाठी नाही, अडचण शोधण्यासाठी वापरा. टोकन लावून एक सही करून बघा. टॅलीत तुमच्या सर्वात मोठ्या अशिलाची कंपनी उघडा आणि शेजारी एक्सेल चालू ठेवून बॅटरीवर दोन तास खरं काम करा. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेले ठिपके शोधा. प्रत्येक कळ, प्रत्येक तोंड, कॅमेरा, माइक. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. नव्या मशीनमध्ये मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता हे आकडे जवळजवळ सारखे हवेत. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. कधी कधी ती माल निघाल्याच्या तारखेपासून धरलेली असते. बिल पाठवलं की दुरुस्त होते. यात काही निघालं तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता दुकान गाठा, आणि तेव्हा दोन हजार कापू देऊ नका, कारण सदोष माल बदलून देणं ही काही मेहेरबानी नव्हे. काहीच निघालं नाही तर दुकानदाराला लगेच फोन करून सांगा की ठेवतेय. दरवाजा तुम्हीच लावा, तो आपोआप बंद व्हायची वाट पाहू नका.

पडद्याची खंत मात्र मी खरी धरतो, कारण तुम्ही दिवसाचे आठ तास आकडे वाचता. त्याला उपाय एअर नाही. रंग नीट दाखवणारा २४ इंची आयपीएस मॉनिटर दहा हजारांच्या आसपास मिळतो, आणि वेगळा नंबर पॅड काही शेकड्यांत. चौदा इंची लॅपटॉपला नंबर पॅड सहसा नसतो, एअरलाही नाही. तुमच्या कामात या दोन वस्तूंनी जितका फरक पडेल तितका कुठल्याही लॅपटॉपच्या अदलाबदलीने पडणार नाही.

राहिले सहा हजार. हे तुम्हाला सांगणं म्हणजे खरं तर उलटी गंगा, पण त्रासात माणूस स्वतःच्याच विषयातलं विसरतो. तुमची जीएसटी नोंदणी आहे. ७२ हजारांत १८ टक्क्यांनी १०,९८३ रुपये कर आहे, त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो. उतरलेल्या सहा हजारांतही ९१५ कराचेच, म्हणजे तुमचा खरा फरक ५,०८५. उरलेल्या किमतीवर संगणकाचा ४० टक्के घसारा आहेच. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. दुकानदाराला फरकाबद्दल एकदा नक्की विचारा, रोख नाही तर बॅग किंवा रॅमची पट्टी मिळू शकते. नाही म्हणाला तर त्या मॉडेलची किंमत पाहणं आजपासून बंद, आणि त्यासाठी लावलेली सूचनाही काढून टाका.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. तुम्ही बिलाचा फोटो टाकलाय त्यात नाव तुमचं दिसतं, पण जीएसटीआयएनचा, म्हणजे तुमच्या जीएसटी नोंदणी क्रमांकाचा, रकाना मला रिकामा वाटतोय. तसं असेल तर क्रेडिट अडकेल. महिन्याची विवरणपत्रं भरणारा दुकानदार जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, विक्रीनंतरच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरेल, त्याआधी बिल दुरुस्त करून घ्या. दुकानात जाताना लॅपटॉप घरीच ठेवा.