एमकॅटचा ‘कार्स’ आणि हुशार मुलांची धास्ती

“काकू, केमिस्ट्री-फिजिक्सला १२९ आले, बायोला १३०, सायकॉलॉजीला १२८. आणि कार्सला १२२. इतकी वर्षं इथे शिकून मला साधं वाचतासुद्धा येत नाही का?”

कॅनडातल्या आँटेरिओत विद्यार्थ्यांचं समुपदेशन करताना या अर्थाचा प्रश्न मी वारंवार ऐकते, आणि विचारणारी बहुतेक मुलं विज्ञानात उत्तम असतात. म्हणून यातल्या एका मुलीची हकीगत जरा सविस्तर सांगते. तिला इथे ऋजुता म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याला तिची परवानगी आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी परीक्षेबद्दल. एमकॅट ही अमेरिका आणि कॅनडातल्या वैद्यकीय प्रवेशासाठीची परीक्षा. तिचे चार विभाग, प्रत्येकाचे गुण ११८ ते १३२ या पट्टीवर, म्हणजे १२५ हा मध्य. तीन विभागांत विज्ञान, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र असतं. चौथा ‘कार्स’, चिकित्सक वाचन आणि तर्काचा. ९० मिनिटांत ९ उतारे आणि ५३ प्रश्न. उतारे कला, तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र अशा विषयांवरचे, आणि उत्तर उताऱ्यातूनच काढायचं. बाहेरचं काही माहीत असण्याची गरज नाही, म्हणजे आधी पाठ करून जाण्यासारखंही काही नाही. अभ्यासू मुलांचा धीर इथेच सुटतो. शिवाय हॅमिल्टनचं मॅकमास्टर विद्यापीठ एमकॅटमधला फक्त कार्सचा गुण विचारात घेतं. त्यामुळे आमच्या भागातल्या घरांत या एका विभागाची चर्चा बाकी तिन्हींपेक्षा जास्त होते.

ऋजुता आठवीपर्यंत सांगलीत शिकली, मग वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब मिसिसागाला आलं. तिची मामेबहीण तिकडे नीट देऊन एमबीबीएसला लागली होती, आणि फोनवर आत्या, मामी सगळ्यांचं एकच, “इथे असतीस तर केव्हाच डॉक्टर झाली असतीस.” १२२ आल्यावर घरात उपायांची रीघ लागली. वडिलांनी स्पीड रीडिंगचा ऑनलाइन कोर्स घेऊन दिला. आईने वाचनालयातून कादंबऱ्या आणल्या. एका स्नेह्यांनी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठवल्या. ऋजुता सगळं निमूटपणे करत होती आणि रोज टायमर लावून उतारे सोडवत होती. सोडवून झाले की किती बरोबर ते मोजायची, आणि पुढचे उतारे घ्यायची. सरावातला स्कोअर तिथेच होता.

मी तिला टायमर बंद करायला सांगितला आणि एक उतारा माझ्यासमोर बसून वाचायला दिला. यासाठी मी स्वतः लिहिलेले उतारे वापरते. हा जुन्या चित्रांच्या सफाईवर होता. त्यातला लेखक म्हणतो, शेकडो वर्षांची काजळी आणि पिवळं पडलेलं व्हार्निश काढलं की चित्र उजळतं, हे खरंच आहे. काढलेला थर मळाचाच होता, हेही तो दुसऱ्या परिच्छेदात मान्य करतो. त्याचा आक्षेप पुढे येतो. सफाई करणारे म्हणतात की चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र आम्ही परत आणलं, ते त्याला पटत नाही. साफ करताना कुठे थांबायचं हे करणारा ठरवतो, आणि त्याच्या काळाला झगझगीत रंग आवडत असतील तर ती आवड चित्रात उतरते, असं लेखकाचं म्हणणं.

प्रश्न होता, पुढीलपैकी कोणती माहिती लेखकाचं म्हणणं सर्वांत कमकुवत करेल? ऋजुताने क्षणात पर्याय निवडला: काढलेल्या थराच्या रासायनिक तपासणीत केवळ काजळी आणि धूळ सापडली.

“हाच का घेतलास?”

“पुरावा आहे ना, काकू. लॅबचा रिपोर्ट आहे.”

“थर मळाचा होता हे लेखक नाकारतोय का?”

ती मागे गेली, दुसरा परिच्छेद पुन्हा वाचला. “नाही. त्याने ते आधीच मान्य केलंय.”

“मग त्याचा वाद कशाशी आहे?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “कुठे थांबायचं हे ज्याच्या त्याच्या काळाच्या आवडीवर ठरतं, असं त्याला म्हणायचंय.”

“आता पर्याय बघ.”

दुसरा एक पर्याय असा होता: वेगवेगळ्या काळांतले सफाई करणारे, एकमेकांचं काम न पाहता, जवळजवळ एकाच ठिकाणी थांबल्याचं आढळलं. तिने तो कुणाच्याही मदतीशिवाय उचलला. आवडी बदलूनही हात तिथेच थांबत असतील, तर लेखकाचा मुद्दा डळमळतो.

त्या उताऱ्यात तिला अडलेला एकही शब्द नव्हता. वेगही ठीक होता. पण तिने स्क्रीनवर हायलाइट काय केलं होतं ते मी पाहिलं: रसायनांची नावं, सालं, व्हार्निशचे प्रकार. ‘तथापि’, ‘असा दावा केला जातो’, ‘मला मात्र’ अशा, लेखक दिशा बदलतो त्या जागा कोऱ्या होत्या. बायोलॉजीचं पुस्तक जसं ओळ न् ओळ वाचायचं, प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो असं समजून, तसंच तिने हे वाचलं होतं. ती सवय वाईट नाही. त्याच सवयीने तिला बायोत १३० मिळवून दिले. कार्सच्या उताऱ्यात मात्र सगळ्या ओळींचं वजन सारखं नसतं. कुणीतरी काहीतरी पटवून देत असतं, आणि बाकीची वाक्यं त्या एका म्हणण्याच्या आजूबाजूला उभी असतात. ते म्हणणं हाती लागलं नाही तर त्या उताऱ्यावरचे सगळेच प्रश्न अंदाजाने सोडवावे लागतात.

हे कळल्यावर तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती रडवेली झाली. “म्हणजे मी पाठांतरावरच इथवर आले. विचार करायची वेळ आली की मला येत नाही.”

तिची खरी भीती ही होती, आणि घरातल्या कुठल्याच उपायाने तिला हात लागला नव्हता. मी विचारलं, “प्रयोगशाळेत संशोधनाचे पेपर वाचता, तेव्हा तू काय बघतेस?” ती लगेच म्हणाली, “निष्कर्ष डेटापेक्षा पुढे गेलाय का ते. लोक कधीकधी उंदरांवरच्या प्रयोगावरून माणसांबद्दल बोलून मोकळे होतात.” मग आम्ही तिच्याच क्षेत्रातला एक पेपर घेऊन बसलो. कुठल्या वाक्यात लेखक सावध आहे, कुठे जोर करतोय, इतरांचं मत सांगतोय की स्वतःचं, हे ती भराभर दाखवत गेली. परीक्षा मागते ते हेच. विषय अनोळखी झाला की ती हे करायचं थांबवत होती आणि माहिती साठवायला लागत होती. हे तिला माझ्या सांगण्यावरून पटलं नसतं. तिने ते स्वतःच्या हाताने करून पाहिलं म्हणून पटलं.

अनोळखी विषयाचं ओझं खरं असतं, हे मी तिच्या आईवडिलांनाही सांगितलं. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. सांगलीत वाढलेल्या मुलीला युरोपातल्या चित्रकलेवरचा किंवा जॅझवरचा उतारा जड जातो, त्याचं एक कारण इथे आहे. उत्तर उताऱ्यातच असतं हे बरोबर. पण जग ओळखीचं असेल तर तिथवर पोचायला कमी श्रम लागतात. म्हणून तिला मी सांगितलं की हातात वर्ष असेल तर इतिहास, कला, समाज यांवरचे लांब लेख रोज थोडे वाच, आणि महिनेच असतील तर अनोळखीपणाला न घाबरता लेखकाचं म्हणणं शोधायचा सराव कर. तिच्याकडे महिने होते.

वडिलांचा प्रश्न वेगाचा होता. “ताई, नऊ उतारे म्हणजे एकाला दहा मिनिटं. वेग वाढल्याशिवाय कसं होणार?” किथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वाचनाच्या वेगावरचं संशोधन एकत्र तपासलं होतं, वेग फार वाढवला की समज घटते, असाच त्याचा निष्कर्ष आहे. ऋजुताचा वेळ वाचण्यात जातच नव्हता. दोन पर्यायांत अडकून ती तीन-तीनदा उताऱ्यात परत जात होती, तिथे जात होता. पहिल्या वाचनात लेखक समजला तर तो वेळ आपोआप वाचतो. वडिलांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि स्पीड रीडिंगचा कोर्स बंद केला. मुलीच्या काळजीपोटी घेतलेली गोष्ट बाजूला ठेवायला मन मोठं लागतं, आणि त्यांनी ते दाखवलं.

मग सरावाची रीत बदलली. दिवसाला दोनच उतारे, सुरुवातीला वेळेविना. प्रत्येक परिच्छेदानंतर स्क्रीनवरून नजर काढायची आणि लेखकाने आत्ता काय केलं ते एका वाक्यात मनाशी म्हणायचं: विरोधकांचं मत मांडलं, उदाहरण दिलं, थोडी माघार घेतली. ती हे मराठीत म्हणायची. मराठीत म्हणताना उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचलता येत नाहीत, त्यामुळे समजलं नसेल तर तिथल्या तिथे उघड होतं. घरी दोन भाषा असलेल्या सगळ्या मुलांना मी हे सुचवते.

त्यापेक्षाही जास्त उपयोग झाला तो चुकांच्या वहीचा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली दोन गोष्टी लिहायच्या: चुकीचा पर्याय मला का आवडला, आणि बरोबर पर्यायाला उताऱ्यातलं कोणतं वाक्य आधार देतं. पानं भरत गेली तशी तिला स्वतःची तऱ्हा दिसली. जगात खरं असलेलं पण उताऱ्यात नसलेलं विधान ती निवडत होती. विज्ञानाचा वास आला की तर फारच. आणि लेखकाने खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेलं दुसऱ्याचं मत ती लेखकाच्या नावावर टाकत होती. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असले टोकाचे शब्द असलेल्या पर्यायांना ती फसत नव्हती, त्यामुळे असे पर्याय टाळा, या कोचिंगवाल्यांच्या ठरावीक युक्तीचा तिला काही फायदा नव्हता. ही वही प्रत्येकाची वेगळी निघते, आणि माझ्या मते ती शेकडो नव्या उताऱ्यांपेक्षा मोलाची आहे. खासगी सरावसंचांतल्या पर्यायांचा तर्क कधीकधी मूळ परीक्षेसारखा नसतो, म्हणून वहीसाठी एमकॅट घेणाऱ्या एएएमसी या संस्थेचेच प्रश्न वापरायला सांगितले. ते मोजकेच आहेत, उगाच घाईने संपवू नयेत.

भीतीसाठी वेगळं काम करावं लागलं. कार्स हा परीक्षेतला दुसरा विभाग, केमिस्ट्री-फिजिक्सनंतर दहा मिनिटांच्या सुट्टीने येणारा. ऋजुता त्या दहा मिनिटांत आधीच्या प्रश्नांची उत्तरं मनात तपासत बसायची आणि पहिल्या उताऱ्यावर कोरी व्हायची. आम्ही ठरवलं की सुट्टीत पाणी प्यायचं, थोडं खायचं, श्वास सावकाश सोडत उभं राहायचं. पहिला उतारा डोक्यावरून गेला तर प्रश्नांवर खूण करून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. पूर्ण लांबीच्या प्रत्येक सराव परीक्षेत तिने हेच केलं, म्हणजे खऱ्या दिवशी काही नवं राहू नये.

तारीख पुढे ढकलायचा निर्णय तिने स्वतः घेतला. एमकॅट वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि देऊन रद्द केलेली परीक्षाही त्यात मोजली जाते. ‘देऊन तर बघू’ म्हणून बसण्याची ही परीक्षा नव्हे. सरावात कार्स १२६-१२७ वर टिकून राहिल्यावर ती बसली आणि तिला १२६ आले. मॅकमास्टरला प्रवेश मिळण्यासाठी साधारण याहून जास्त लागतात, हे तिला ठाऊक होतं. बाकी विद्यापीठांच्या तिच्या अर्जांना मात्र आता हा विभाग आडवा येत नव्हता.

सगळ्यांची अडचण ऋजुतासारखी नसते. काही मुलं असा सराव मनापासून करूनही ओळी हरवतात, तोच शब्द पुन्हा पुन्हा वाचतात, शाळेपासून मोठं वाचन टाळत आलेली असतात, आणि हुशारीच्या जोरावर ते झाकलं गेलेलं असतं. अशा वेळी मी उतारे बाजूला ठेवायला सांगते आणि वाचनदोष किंवा अवधानाच्या अडचणीची तपासणी मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्यायला पाठवते. निदान झालं तर जादा वेळेसारख्या सवलतीसाठी एएएमसीकडे अर्ज करता येतो. आपल्या घरांत त्याला कमीपणा मानतात, ‘पुढे कळलं तर’ म्हणून पालक मागे सरतात. विद्यापीठांना जाणाऱ्या गुणपत्रकावर सवलतीची खूण नसते, हे मी त्यांना आवर्जून सांगते. अर्जाचा निकाल यायला काही आठवडे लागतात आणि कागदपत्रं जमवायला त्याहून जास्त, म्हणून शंका असेल तर तारीख ठरवण्याच्या आधीच या.