ओळखीच्या सरांना नोकरीसाठी मेल

प्रश्न : मी घणसोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत ४ वर्षं क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणारा) केमिस्ट आहे. माझे इथले सीनियर दोन वर्षांपूर्वी महापेच्या एका कंपनीत गेले. तिथे जागा निघाल्याचं कळलंय, पण मधल्या काळात आमचं एकदाही बोलणं झालेलं नाही. कामापुरती आठवण काढली असं न वाटता मेल कसा लिहू? मराठीत की इंग्रजीत?

उत्तर : कामासाठी लिहिताय हे पहिल्या दोन ओळींतच सांगून टाका. आधी भरपूर ख्यालीखुशाली आणि शेवटी हळूच नोकरीचा विषय, हेच माणसाला खटकतं.

नोकरी देणं सरांच्या हातात नसतं. तुमचा मेल एचआरकडे पाठवणं मात्र असतं. तेव्हा त्यांना फारसं काही टाइप न करता तो फॉरवर्ड करता आला पाहिजे. त्यासाठी मेलचे दोन भाग करा. वरचा मराठीत, एरवी बोलायचात तसा :

‘नमस्कार सर, रबाळ्याला मी तुमच्या हाताखाली स्टॅबिलिटी सॅम्पल्स बघायचो. तुमच्याकडे क्यूसी केमिस्टची जागा निघाल्याचं कळलं. माझं काम तुम्ही पाहिलेलं आहे. योग्य वाटलं तर खालचा मजकूर एचआरकडे पाठवाल का? इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही, तेवढं आपल्यातच असू द्या.’

शेवटची ओळ गाळू नका. रबाळे-महापे पट्ट्यात क्यूसीवाले एकमेकांना ओळखून असतात. सहज चौकशीचा फोन तुमच्याच मॅनेजरला जाऊ शकतो. याच कारणाने मेल स्वतःच्या जीमेलवरून पाठवा, ऑफिसच्या आयडीवरून किंवा लॅपटॉपवरून नाही.

खाली एक रेघ मारून पाच-सहा ओळी इंग्रजीत लिहा, कारण त्या एचआर वाचणार आहे : शिक्षण, अनुभव, कोणती उपकरणं स्वतः चालवता (एचपीएलसी, डिसोल्युशन, कार्ल फिशर), कोणत्या ऑडिटला सामोरे गेलात, नोटिस पीरियड किती दिवसांचा. पगाराची अपेक्षा आणि आताची कंपनी का सोडताय, हे दोन्ही आत्ता नको. वरचा भाग पुसून पुढे पाठवायला सरांना मोकळीक राहते.

सब्जेक्टमध्ये ‘जॉब रिक्वेस्ट’ लिहू नका. फोनवर सब्जेक्टची सुरुवातच तेवढी दिसते, म्हणून तिथे ‘क्यूसी केमिस्ट, ४ वर्षं, एचपीएलसी’ एवढं इंग्रजीत टाका. रेझ्युमे पीडीएफच जोडा; वर्डमधले तक्ते फोनवर विस्कटतात. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद हवं. ड्राइव्हची लिंक अजिबात नको. शेअरिंग उघडं ठेवायचं राहिलं की त्यांना परवानगी मागायला सांगणारी पाटी दिसते, आणि कामात असलेला माणूस ती बंद करून टाकतो.

एक चूक मात्र फार महागात पडते : आधीच कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरून ठेवणं. उमेदवाराने स्वतः अर्ज केला असेल तर बऱ्याच कंपन्या नंतर आलेलं रेफरल (कंपनीतल्या माणसाने केलेली शिफारस) धरत नाहीत. अर्जाची शेवटची तारीख पाहा आणि तिच्या आधी सरांना पुरेसे दिवस मिळतील अशा बेताने मेल करा.

उत्तर नाही आलं तर आठवडाभराने त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा, म्हणजे जुना मजकूर खाली राहतो. नवा मेल नको. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ‘सर, मेल पाहिलात का?’ हेही नको. दुसऱ्यांदाही काही आलं नाही तर थांबा आणि पोर्टलवर अर्ज भरा.

प्रश्न : ओळखीच्या एका मॅडमनी माझा रेझ्युमे त्यांच्या एचआरकडे दिला होता. दरम्यान मला वागळे इस्टेटमध्येच दुसरीकडे नोकरी लागली. त्यांना कळवायला हवं का?

उत्तर : ऑफर लेटर हातात आलं त्याच दिवशी कळवा. नाहीतर त्यांची एचआर तुम्हाला फोन करत राहील, आणि तुम्ही नाही म्हणालात की विचारणा मॅडमकडे होईल. दोन ओळी पुरेत : कुठे लागलात आणि त्यांचे आभार. तुम्ही एचआरलाही मेलने कळवलंय, हेही त्यात लिहा, आणि तसं खरंच कळवा.